मालिकेतल्या बाईचा पगार जातो कुठे?

सांजवारा (चर्चाप्रस्ताव)

मराठी मालिकांवर टीका म्हटली की भरजरी साड्या, झोपतानाही अंगावर दागिने, दुधात काहीतरी कालवणारी जाऊ, हे सगळं येतंच. त्यावर इथे ढीगभर धागे आहेत, तेच दळण पुन्हा नको. मला खटकतं ते वेगळंच आहे.

आपल्या नायिका बहुतेक वेळा कमावत्या असतात. पहिल्या आठवड्यात तर हमखास. कुणी आर्किटेक्ट, कुणी शाळेत शिकवते, कुणी बँकेत. पण पगार किती, कुठल्या खात्यात जमा होतो, घराच्या हप्त्यात तिचा वाटा किती, माहेरी पैसे पाठवते का आणि पाठवले तर कुणाचं तोंड वाकडं होतं, यातलं काहीही दिसत नाही. मराठी घरांत खरी धुसफूस याच गोष्टींवरून होते, आणि पडद्यावर नेमकी हीच गायब.

परवा एका मालिकेतला प्रसंग (नाव देत नाही, तीन-चार मालिकांत तो जसाच्या तसा चिकटवता येईल). नायिका ऑफिसातून येते. सासू हॉलमधूनच म्हणते, "आलीस? चहा टाक सगळ्यांना." ती थेट ओट्याशी. आधण ठेवते, साखर घालते, चहा गाळते, आणि या सगळ्या वेळात पर्स खांद्यालाच! हात धुवायला, पर्स टेकवायला तिला फुरसत दिलेली नाही. ऑफिसचा उल्लेख एकाच वाक्यात: "आज जरा उशीर झाला." बास, ही झाली तिची नोकरी.

आता मागे जाऊ. १९८५ साली बासू चटर्जींच्या 'रजनी'त प्रिया तेंडुलकर गृहिणी होती. पगार नाही, नोकरी नाही. पण दर भागात ती घराबाहेर: गॅस एजन्सी, टॅक्सी, शाळा, सरकारी खिडकी. १९८९च्या 'उडान'मध्ये कविता चौधरी पोलीस अधिकारी झाली, आणि मालिका त्या प्रशिक्षणावर, वर्दीवर रेंगाळत होती. मराठीत सह्याद्रीवरची 'दामिनी' पत्रकार. 'आभाळमाया'तली सुधा जोशी कॉलेजात शिकवायची, आणि ती शिकवते हे आपल्याला विसरू दिलं जात नव्हतं.

म्हणजे रजनीला पगार नसून ती रस्त्यावर होती आणि आताचीला पगार असून ती ओट्याशी आहे. हे कसं झालं? "जमाना मागे गेला" हे उत्तर मला पटत नाही. बाहेर तर उलट झालंय.

जुना_अँटेना

छान धागा. थोडी भर घालतो, कारण त्या काळाचे उगाच गोडवे गायले जातात.

दूरदर्शनच्या मालिका काही निव्वळ कळवळ्याने आल्या नव्हत्या. 'हम लोग' (१९८४) मुळात कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी. मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्याने मालिकांतून सामाजिक संदेश पोचवायची पद्धत बसवली होती, ती इथे आणली. मनोहर श्याम जोशींनी लेखन केलं आणि शेवटी अशोककुमार येऊन तात्पर्य सांगायचे. त्यात भागवंती ही आई होती: नवरा दारुडा, सासू टोचून बोलणारी, आणि ही मुकाट सोसणारी. असं सोसू नये हे दाखवायला ते पात्र रचलेलं. झालं काय, की कितीतरी प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली! पुढे अभ्यासकांनीही ते नोंदवलं. आमच्या चाळीत तर बायका उघड म्हणायच्या, "बाई असावी तर भागवंतीसारखी." आमच्या आजीचं मत वेगळं होतं, पण ते इथे लिहिण्याजोगं नाही.

अवांतर: स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या तेव्हा जीन्सवर साडी गुंडाळून बसायच्या. कॅमेरा कमरेखाली जात नसे. पडद्यावर काय दिसायला हवं आणि खाली काय आहे, ही भानगड पहिल्या दिवसापासूनची आहे.

नेमका

मालिका करमणुकीसाठी असतात. दिवसभर ऑफिसात राबून आलेली बाई रात्री पुन्हा ऑफिसच कशाला बघेल? तिला वाडा, दागिने, सण-समारंभ बघायचे असतात. रिमोट हातात आहे, नाही आवडलं तर बदला.

आणि सगळे बायकांचंच रडगाणं गाताय. पुरुषांचं काय? मालिकेतला नवरा एक तर बाहेरख्याली, नाहीतर आईच्या पदराखालचा बावळट. सासरे पेपर वाचतात आणि "अगं, जाऊ दे ना" एवढंच बोलतात. त्यावर कुणी धागा काढत नाही.

खडीसाखर

नेमका, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला +१. खरंच लिहिण्यासारखं आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको'चा गुरुनाथ आणि 'आई कुठे काय करते'चा अनिरुद्ध, दोघंही घर मोडणारे आणि दोघंही तुफान लोकप्रिय. बाकी नवऱ्यांना लेखकांनी कामच दिलेलं नाही. नवऱ्याने एकदा चहा केला तर मागे बासरी वाजते, बायकोच्या डोळ्यांत पाणी, घरचे सगळे दारात जमा. म्हणजे चहा करणं हे पुरुषाचं रोजचं काम नव्हे हेच अधोरेखित होतं ना?

पहिला मुद्दा मात्र अमान्य. 'जस्सी जैसी कोई नहीं' (२००३) ऑफिसातच घडायची आणि लोक वेड्यासारखे बघायचे. आता त्यातही शेवटी तिचा कायापालट करून तिला 'सुंदर' केलीच, ते सोडा.

कोल्हापुरी_ठसका

आमच्याकडं 'तुझ्यात जीव रंगला' लागली की गल्ली सामसूम. नायिका शाळेतली बाई, आणि राणादा तिला हाक मारायचा तीच मुळी 'पाठकबाई' म्हणून. बायकोला तिच्या कामावरनं ओळखणारा हिरो मी तरी दुसरा बघितला न्हाई. पण लग्न झालं आणि शाळा मागं पडली की ओ. मग वाडा, वहिनीसाहेब आणि कारस्थानं. सुरुवातीच्या भागांत वर्गात पोरं दिसायची, फळा दिसायचा. नंतर खडू बघायला मिळंना.

पडद्यामागचा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. काही वर्षं मी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिलेत. कुठल्या वाहिनीसाठी ते विचारू नका.

सांजवारा, उत्तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा रूक्ष आहे. 'रजनी' आठवड्याला एक भाग. दर भागाला नवी जागा, नवी माणसं परवडायची. दैनंदिन मालिकेत आठवड्याला सहा भाग द्यायचे. पुष्कळदा बँक नसते, म्हणजे पुढचे भाग तयार नसतात. आज शूट, परवा टेलिकास्ट. घोडबंदर रोडचा बंगला नाहीतर स्टुडिओतला कायमचा सेट महिनोन्‌महिने भाड्याने घेतलेला असतो. त्यात हॉल, जिना, देवघर, किचन, दोन बेडरूम. तिथे लाइट लावलेलेच असतात. ऑफिस दाखवायचं तर वेगळी जागा, मागे कॉम्प्युटरवर बसलेले आठ-दहा ज्युनिअर आर्टिस्ट, त्यांचे रोजचे पैसे, आणि युनिट हलवण्यात गेलेला अर्धा दिवस. प्रॉडक्शनवाला पहिल्या महिन्यातच विचारतो, "हे बोलणं घरी फोनवर होऊ शकत नाही का?" होऊ शकतं. झालं, ऑफिस गेलं.

दुसरं कारण लेखनाचं. घरात कुठलंही पात्र कुठल्याही सीनमध्ये घुसू शकतं. सासूला दाराआडून ऐकता येतं, जावेला जिन्यात उभं करता येतं, पोरगं मध्येच धावत येतं. भागाच्या शेवटी हुक लागतो, म्हणजे उद्याचा भाग बघायला लावणारा धक्का. ऑफिसात सासू कशी आणणार? (आणली आहे. डबा द्यायला. मीच लिहिलाय तो सीन.)

पगाराचं म्हणाल, तर एकदा प्रयत्न केला होता. नायिका लग्नानंतर नवऱ्याला सांगते, "माझं खातं वेगळंच राहू दे, घरखर्चाला आपण निम्मे-निम्मे काढू." नवरा गप्प. सासूच्या कानावर जातं. मला वाटलं, यावर दोन आठवडे आरामात निघतील. वरून निरोप आला, "ड्राय आहे. भावना कुठे आहे?" त्या जागी सासू सुनेला स्वतःच्या पाटल्या देते असा सीन झाला. पैसा म्हणाल तर दोन्हीकडे होता. पण पाटल्या सासूकडून सुनेकडे जातात तेव्हा तो जिव्हाळा, आणि बाई स्वतःचा पगार स्वतःकडे ठेवते तेव्हा तो हिशेब!

गुरुवारी टीआरपी आला. पाटल्यांचा भाग चांगला चालला होता. मग कुणी काय बोलायचं?

सांजवारा

पडद्यामागचा, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका अशी विनंती. सेट आणि लाइटचं डोक्यातच आलं नव्हतं.

पण एक शंका. बंगला परवडतो म्हणून गोष्ट घरात राहते, हे समजलं. मग घरातला पैसा तरी दाखवा ना. लाइटबिल, वाण्याची उधारी, एलआयसीचा हप्ता, हे सगळं घरातच होतं. त्याला वेगळं लोकेशन लागत नाही.

पडद्यामागचा

कारण मग घराला परिस्थिती द्यावी लागते. श्रीमंत घरात बिल हा प्रश्न नसतो, आणि गरीब घराचा सेट जाहिरातदाराला आवडत नाही. म्हणून मालिकेतलं घर कमाई न दिसता श्रीमंत असतं. 'कंपनी' असते. कंपनी काय करते ते मलाही कधी कळलं नाही. फाइलवर सह्या होतात.

पाटावरवंटा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट) "फाइलवर सह्या होतात"

यावरून 'माझ्या नवऱ्याची बायको'तले राधिका मसाले आठवले. मी त्या मालिकेची टिंगल करणाऱ्यांतली, पण तिने एक काम केलं. नवऱ्याने सोडलेली नागपूरची साधी बाई मसाले कुटून विकते आणि धंदा उभा करते. सुरुवातीचे काही भाग खरंच चांगले होते, बरण्या, वजनकाटा, ऑर्डरची वही. पुढे धंदा एकदम कोटींच्या घरात गेला आणि राधिकाताई ब्लेझर घालून केबिनमध्ये. मधला सगळा भाग, म्हणजे कर्ज, उधारी, एफडीएचा परवाना, बुडालेला माल, गायब. आमच्या बचतगटाच्या बायका तेव्हा म्हणाल्या होत्या, "हिला सहीला नवरा मागितला नाही का हो बँकेनं?" हा प्रश्न त्या लेखकाला पडायला हवा होता.

मडगावकर

थोडा उलटा मुद्दा मांडतो. मालिका बायकांना मागे नेतात हे आपण गृहीत धरूनच बोलतोय. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या खेड्यांत केबल आल्यावर काय बदललं ते पाहिलं. बिहार, हरियाणा, दिल्ली, तमिळनाडू आणि आमचं गोवा अशी पाच राज्यं, पाहणी २००१ ते २००३ या काळातली, निबंध २००९ साली छापला. जिथे केबल आली तिथे नवऱ्याने मारणं योग्य मानणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. तेही केबल आल्यावर थोड्याच काळात.

आणि ती वर्षं कुठली? 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ऐन भरात होती ती! म्हणजे तिच्यातल्या तुळशी विराणीला आपण शिव्या घालत होतो तेव्हाच हे घडत होतं.

नेमका

बघा! हेच सांगत होतो.

खडीसाखर

इतक्यात पेढे वाटू नका. त्या पाहणीतल्या खेड्यातल्या बाईला केबलवर पहिल्यांदाच शहरातली बाई दिसत होती. शिकलेली, दोनच मुलं असलेली, फोनवर बोलणारी, एकटी गाडीतून जाणारी. कारस्थानं करत असली तरी घरात तिच्या शब्दाला वजन होतं. जिथे काहीच नव्हतं तिथे हेही पुष्कळ. आज त्याच खेड्यातली मुलगी नर्सिंग करून पुण्याला नोकरीला आलीये. तिला तोच वाडा दाखवला तर ती पुढे कशी जाणार? २००१ साली चाललं ते आताही चालेल असं त्या निबंधात कुठे म्हटलंय?

आणि वाड्यावरून आठवलं. नायिका नेहमी देशमुख, जोशी, सुभेदार, किर्लोस्कर. धुणंभांडी करणारी बाई मालिकेत असते, पण तिला सहसा आडनावही नसतं. ती बातमी द्यायला येते. 'मोलकरीण बाई' नावाची एक मालिका आली तेवढी. गोरेपणाचं तर विचारू नका. 'रंग माझा वेगळा'चा विषयच सावळ्या मुलीला मिळणारी वागणूक. चांगला विषय. आणि त्यासाठी गोऱ्या अभिनेत्रीला रोज मेकअपने सावळी केली! महाराष्ट्रात सावळ्या मुली मिळेनात? त्यामानाने 'सुंदरा मनामध्ये भरली'ने निदान लतिकेच्या भूमिकेला पॅडिंग लावलेली सडपातळ मुलगी आणली नाही.

ओसरीवरची

माझा प्रतिसाद विषयाला थोडा सोडून, पण 'होम मिनिस्टर'चं नाव कसं निघालं नाही? २००४ ते २०२२. आदेश भावोजी दारात यायचे तेव्हा टीव्हीवर खऱ्या घरातली खरी बाई दिसायची. पोलीस लाइनीतली, गिरणगावातली, कणकवलीतली. भिंतीला रंगाचे पोपडे, मागे कुकरची शिट्टी. ती नोकरी काय करते हे विचारलं जायचं आणि ती अभिमानाने सांगायची. "मी अंगणवाडी सेविका आहे," "मी रिक्षा चालवते." हे मालिकांत कुठे ऐकलंय?

पाटावरवंटा

ओसरीवरची, अर्धसहमत. त्यानंतर लगेच प्रश्न काय? "नवऱ्याने प्रपोज कसं केलं," "उखाणा घ्या," "नवऱ्याची कुठली सवय आवडत नाही." रिक्षा चालवताना काय होतं हे कुणी विचारलं नाही. आणि बक्षीस पैठणी. महामिनिस्टरमध्ये तर अकरा लाखांची पैठणी ठेवली होती. अकरा लाख रोख दिले असते तर तिने रिक्षाचं कर्ज फेडलं असतं.

ओसरीवरची

ते खरं. पण माझ्या सासूबाईंना जी पैठणी मिळाली ती त्यांच्या आयुष्यातली पहिली वस्तू, जी त्यांना कुणाची आई किंवा बायको म्हणून मिळाली नाही. खेळून जिंकलेली. कपाटात वेगळ्या पिशवीत ठेवलीये, सुनांना हात लावू देत नाहीत. हे हसण्यावारी नेऊ नका.

जर्सीची_सून

इकडे न्यू जर्सीत आम्ही ॲपवर बघतो. माझी आई दोन महिने राहायला आली होती, रोज 'आई कुठे काय करते' लावायची. मी भांडी घासता घासता बघायचे आणि चिडायचे. घटस्फोट झाला, अरुंधतीने गाणं सुरू केलं, स्वतःच्या पायावर उभी राहिली, दुसरं लग्नही केलं. सगळं मान्य, सगळं धाडसाचं. मग ती रोज त्या 'समृद्धी' बंगल्यात काय करत असते? जुन्या सासरी काही झालं की ही हजर. मी आईला विचारलं, "अगं, घटस्फोट झालाय ना हिचा?" आई म्हणाली, "मुलं आहेत ना तिथे. आणि ती नसेल तर आम्ही कुणाला बघायचं?"

आता पडद्यामागचा यांचा प्रतिसाद वाचून कळलं. सेट तिथे होता.

पडद्यामागचा

अगदी. नायिका घर सोडू शकते, प्रॉडक्शन सोडू शकत नाही.

ती मालिका मूळची बंगाली 'श्रीमयी'. तिच्यावरूनच हिंदीत 'अनुपमा' झाली. एकच गोष्ट तिन्ही भाषांत चालली यावरून घराघरांत काय चाललंय याचा अंदाज येतो. पण अरुंधतीचं वेळापत्रक बघा. संध्याकाळी साडेसातला होती, बरीच वर्षं टीआरपीत वर. २०२४ साली नवी मालिका आली आणि हिला दुपारी अडीचला हलवलं. वर्ष संपायच्या आत बंद.

सांजवारा

दुपारी अडीचला घरी कोण असतं?

पडद्यामागचा

तोच तर मुद्दा. टीआरपी मोजायला ठरावीक घरांत मीटर बसवलेले असतात, आणि मोजलं जातं ते त्या घरातल्या टीव्हीवर काय चाललंय ते. तुम्ही ऑफिसला जाणारी बाई. कालचा भाग आज बदलापूर लोकलमध्ये मोबाइलवर, एका कानात इअरफोन घालून बघता. तुमचं ते बघणं गुरुवारच्या त्या आकड्यांत येत नाही. ॲपचे आकडे वेगळे असतात, ते आमच्या मीटिंगमध्ये क्वचितच यायचे. मीटिंगमध्ये प्रेक्षक म्हणून जिचं नाव घेतलं जायचं ती कायम 'इचलकरंजीची काकू'. घरात असणारी, संध्याकाळी दिवा लावून टीव्हीसमोर बसणारी. तिला काय रुचेल हे आम्ही सहा जण अंधेरीत बसून ठरवायचो. सहापैकी चार बायका होत्या, चौघी नोकरदार, आणि दोघींचा पगार नवऱ्यापेक्षा जास्त.

कोल्हापुरी_ठसका

ओ साहेब, इचलकरंजीची काकू सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला जाते. शिफ्ट असती तिची. दिवा लावायला घरात कोण असतंय?

पडद्यामागचा

दादा, हे तेव्हा मीटिंगमध्ये सांगायला तुम्ही हवे होता.

नेमका

सायझिंगवाल्या काकूची मालिका आली तर मी बघेन. पण सहा महिन्यांत ती कारखान्याच्या मालकाच्या मुलाशी लग्न करून वाड्यात जाईल, लिहून ठेवा.

खडीसाखर

नेमका, तुमच्याशी इतक्या लवकर सहमत व्हावं लागेल असं वाटलं नव्हतं.